पहिल्या दिवसाचं तेल

सत्यवानाने फणसाचा गरा तोंडात टाकला, आठळी पाटावर ठेवली आणि दोन्ही हात वर करून विहिरीतून तेल किती उंच उडालं ते सासऱ्यांना दाखवलं.

“पयल्या दिसाक नव्वद टन,” तो म्हणाला. “आजूबाजूच्या एकाय कंपनीक जमूक नाय.”

समोर त्याचा साडू विश्राम हाताला खोबरेल चोळून फणस फोडत होता. त्याने मान वर केली नाही.

“झडप केवढी उघडलेली, ता पण बाबांका सांगा.”

मे महिना होता. मसुरे गावातल्या बाबांचे दोन्ही जावई रजेवर आले होते. दोघे भरूचकडे तेलविहिरी खोदायच्या कामावर, पण वेगवेगळ्या कंपन्यांत. नवी विहीर पहिल्या दिवशी किती तेल देते, यावर तिथे कंपन्यांचं नाव व्हायचं. विश्रामाच्या कंपनीची सगळ्यांत चांगली विहीर पंचावन्न टनांची. ते तेल झडप जेमतेम उघडून आलं होतं, पूर्ण उघडली तर एक दिवस कुणाचीही विहीर चमकेल, असं त्याचं म्हणणं. भित्र्यांच्या झडपा लहानच असतात, हे सत्यवानाचं उत्तर.

एरवी ही थट्टाच राहिली असती. पण यंदा तिच्यात बाबली सापडला होता. बाबली म्हणजे त्यांचा एकुलता एक मेव्हणा, यंत्रकामाची पदविका घेऊन नुकताच कोल्हापुराहून परतलेला. दोन्ही भावजींनी आपापल्या साहेबांकडे शब्द टाकला होता आणि दोन्हीकडून त्याला बोलावणं आलं होतं. उद्याच्या टपालाने उत्तर जायला हवं होतं. घाण्यापलीकडे तेल न पाहिलेले बाबा नव्वदाकडे झुकले. ते पाहून विश्रामाची बायको शुभदा फुगली. सकाळपासून ती आणि थोरली बहीण, सत्यवानाची बायको आनंदी, एकमेकींना मीठही आईच्या हातून देत होत्या.

उन्हं उतरल्यावर सत्यवान बाबलीला घेऊन खाडीकडे निघाला. जेटीपर्यंत तो फक्त माशांबद्दल बोलला. मग पाण्यात पाय सोडून बसला.

“बाबल्या, तू इश्रामाच्या कंपनीत जा.”

बाबलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“आमच्या नव्वद टनांचा आता काय उरूक नाय. झडप पुरी उघडली, चार म्हयन्यात तेलाच्या जागी पाणी इला. इहिरीत पाणी लागला म्हणान रडणारो कोकणात मीच एकटो आसतलंय.” तो स्वतःच हसला. हसू ओसरल्यावर म्हणाला, “दिवाळीपर्यंत कंपनी बंद होतली. आनंदीक सांगूक नाय अजून.”

घरी येईपर्यंत सत्यवान शीळ घालत होता. बाबली मात्र चार पावलं मागे राहिला होता.

विश्राम मागच्या पडवीत गाईपुढे फणसाची चारखंडं, काटेरी सालं, टाकत होता. बाबलीने बराच वेळ दावं उगाच सोडलं, बांधलं. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे माझ्याशिवाय आणखी एखाद्याची सोय होईल का, खोदकामाची चांगली माहिती असलेल्या माणसाची? कोणासाठी, असं विश्रामाने विचारलं. बाबलीने पुन्हा दाव्याची गाठ धरली. आत सत्यवान पुन्हा तेल उडवून दाखवत होता, त्याचा आवाज पडवीपर्यंत येत होता.

विश्रामाचा हात टोपलीत थांबला. त्याने आवाजाच्या दिशेने पाहिलं, मग उरलेली टोपली गाईपुढे पालथी केली.

जेवायला सगळे ओळीने बसले. भातावर माशाचं सार पडेपर्यंत कुणी कंपनीचं नाव काढलं नाही. मग विश्रामच बोलला.

“बाबांनू, एक गोष्ट मात्र खरी. पयल्या दिसाक नव्वद टन काढूक माणूस जिगरीचो लागता. आमच्या सायबान ह्येंचा नाव दोनदा काढल्यान. म्हणतत, तुज्या साडवाक आमच्याकडे घेवन ये. मी इतके दिस बोलाक नाय, ह्येंचा मोठेपण माका सोसूक नाय.”

सत्यवानाने चमकून बाबलीकडे पाहिलं. बाबली माशातला काटा शोधण्यात गढून गेला होता.

बाबा खूश झाले. ते म्हणाले, मग बाबलीनेही तिथेच जावं, दोन भावजींच्या नजरेखाली राहील. आनंदी दारात उभी राहून ऐकत होती.

“एवढी इनवणी करतत, तर जावा की,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि शुभदेच्या हातातलं भाताचं भांडं घेऊन तिच्याबरोबर वाढायला लागली.

“इचार करतंय,” सत्यवान म्हणाला. तो पाणी प्याला.

इतक्यात सासूबाई तळलेल्या सरंग्याच्या तुकड्या घेऊन आल्या आणि रिवाजाप्रमाणे आधी थोरल्या जावयाकडे वळल्या. सत्यवानाने ताटावर हात आडवा धरला.

“पयली इश्रामाक वाढा,” तो म्हणाला.