सीटमागची तारीख

मैत्री गजभिये गॅरेजमध्ये शिरली तेव्हा देवांगचं नाक आधीच फुटलेलं होतं. तो पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला होता आणि कागदी टॉवेलचा बोळा नाकाशी दाबून छताकडे बघत होता. टॉवेलचा निळा रंग कुठेही शिल्लक नव्हता. ऑगस्टमधला शनिवार, सकाळचे साडेअकरा. टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये बाहेर एकशे तीन फॅरनहाइट होतं.

"तू गाडी बघायला आलीयस," संग्राम शितोळे म्हणाला. "त्याच्याकडे नको बघू."

त्याने भिंतीवरचं बटण दाबलं. तीन गाड्या मावतील एवढं रुंद दार तिच्या पाठीमागे खाली आलं. मग त्याने हात पुढे केला. "फोन."

त्याच्या दुसऱ्या हातात जाड नट सोडवायचा लांब लोखंडी दांडा होता. तिने फोन दिला.

संग्राम सत्तेचाळीस वर्षांचा. मूळचा पुण्याचा, कंपन्यांना कंत्राटी इंजिनिअर पुरवण्याचा त्याचा धंदा होता. दीड वर्षापूर्वी त्याने जुन्या गाड्या विकणाऱ्या देवांगकडून ही गाडी घेतली होती: १९७० सालची शेव्हेल एसएस, दोन दारांची, लाल, बॉनेटवर दोन काळे पट्टे. त्या काळी साध्या गाडीच्या सांगाड्यात राक्षसी इंजिन बसवून विकत, त्यातली ही सर्वांत मोठ्या इंजिनाची. निदान कागदावर तरी. मागच्या रविवारी हौशी लोकांच्या मेळाव्यात एका म्हाताऱ्या टेक्सनने बॉनेटखाली दोन मिनिटं डोकं घातलं, ही नक्कल आहे म्हणाला आणि हसला. संग्रामच्या मेहुण्याने त्याचा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर होता, खाली एकशे चाळीस हसरे चेहरे.

"आता नीट ऐक," संग्राम म्हणाला. "खरी असेल तर तसं लिहून दे. सही, शिक्का, सगळं. खोटी असेल तर मला एकच सांग, कोणी केली. त्याचे दोन्ही हात मी मोडणार आहे. ज्या हातांनी केली ते. पुढचं वकील बघेल."

"मी ओक्लाहोमातून अशीच आणली होती, भाऊ," देवांग बोळ्यातून म्हणाला. "आईशप्पथ."

"तू गप."

गाडीपलीकडून चौथा माणूस उभा राहिला. सत्तरीचा, बारीक, करड्या शर्टातला. "जय भीम, पोरी," तो म्हणाला.

मैत्री त्याच्याकडे वळली. "जय भीम, काका. तुम्ही इथे?"

"साहेबांनी सीट खोलायला बोलावलं."

ज्ञानदेव मेश्राम नागपूरच्या एका सरकारी कारखान्याच्या, साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं होता. निवृत्तीनंतर तो मुलीकडे, उपासनाकडे, आला आणि गार्लंडमधल्या एका जुन्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये लागला. संग्रामच्या गाडीचं तेलपाणी तोच बघत असे. मैत्री जुन्या गाड्या तपासून त्या अस्सल की नाहीत याचा अहवाल देते. विमा कंपन्या आणि लिलाववाले तिचा शब्द धरतात. लोखंडावरचे ठसे वाचायला तिला अकरा वर्षांपूर्वी ज्ञानदेवनेच शिकवलं होतं, त्याच वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये.

तिने बॅटरी आणि भिंग काढलं आणि पुढून सुरुवात केली.

या मॉडेलच्या चॅसी क्रमांकात इंजिन कोणतं ते लिहिलेलं नसतं. म्हणूनच साध्या शेव्हेलची, म्हणजे मालिबूची, एसएस करायला नकलाकारांना आवडते. खरं-खोटं ठरतं ते इंजिनच्या पुढच्या कडेवर, उजव्या बाजूला, अंगठ्याएवढ्या सपाट जागी ठोकलेल्या आकड्यांवर. तिथे कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा असतात आणि ठसे त्या रेघांवर बसलेले असतात. रेघा घासल्या गेल्या की शंका सुरू होते.

इथे रेघा होत्या. ठसेही होते, तारखेसकट: ०२०६, सहा फेब्रुवारी. अमेरिकन पद्धतीने महिना आधी. सगळं जुळत होतं. अकरा वर्षांत एवढं स्वच्छ काम तिने दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही गाड्या खऱ्या होत्या. तिने भिंग जवळ नेलं. शेवटचा आकडा बाकीच्यांपेक्षा केसभर खोल होता. तिने बॅटरी बंद केली.

"काय?" संग्राम म्हणाला.

"अजून बघायचंय. मागची सीट."

ज्ञानदेवने चार बोल्ट काढले आणि सीटची पाठ उचलून बाहेर ठेवली. मागे उघडा पत्रा. कारखान्यातले तपासनीस अशा झाकल्या जाणाऱ्या जागी मेणखडूने खुणा करत, कधी तारीखही टाकत. नकलाकार सहसा इथपर्यंत येतच नाहीत. हा आला होता. पिवळ्या मेणखडूत, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ओके, १७/२.

ही गाडी आर्लिंग्टनच्या कारखान्यातली, इथून पाऊण तासावरची. टेक्सासचा कामगार सतरा फेब्रुवारी लिहिताना आधी दोन लिहील, मग सतरा. सतरा आधी लिहिणारा माणूस दुसरीकडच्या शाळेत शिकलेला होता. ठोकलेले आकडे नमुना समोर ठेवून केलेले, त्यामुळे बरोबर. हे हाताने, सवयीने लिहिलेलं.

तिने मान वळवली. ज्ञानदेव बोल्ट हातात घेऊन तिच्याकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपलं काम तपासून कधी परत मिळतंय याची वाट बघणाऱ्या माणसासारखा तो उभा होता.

"नक्कल आहे," मैत्री बाहेर येत म्हणाली. इंजिनच्या रेघा जास्तच एकसारख्या आहेत, एवढंच कारण तिने दिलं. "कोणी केली ते लोखंडावरून कळत नाही."

संग्रामने मान हलवली. रिपोर्ट मिळाल्यासारखी. मग तो वळला आणि त्याने दांडा देवांगच्या गुडघ्यावर मारला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. बादली उलटली. देवांग काँक्रीटवर पडला आणि श्वास मिळेना म्हणून नुसतं तोंड उघडत राहिला.

"ओक्लाहोमात कोण? नाव?"

"संग्राम! मरेल तो!" मैत्री पुढे झाली. त्याने दांडा आडवा तिच्या छातीला लावला आणि तिला ढकललं. ती फडताळावर आदळली. पेंटचे दोन डबे खाली आले.

"नाव, यार. एक नाव."

देवांगने नाव घेतलं असतं तर नक्कल त्यानेच करवून घेतली हेही उघडं पडलं असतं, आणि तो तुरुंगात गेला असता. तो ओक्लाहोमा, ओक्लाहोमा एवढंच म्हणत होता. दुसरा फटका दंडावर बसला. तिसऱ्यासाठी संग्रामने दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

"मी केली," ज्ञानदेव म्हणाला.

संग्राम थांबला. त्याने ज्ञानदेवकडे बघितलं आणि तो हसला. खरोखरचं हसला, पोट धरून. "काका, तुम्ही? अहो, लिलाववाल्यांनी पास केलेली गाडी आहे ही. विम्याच्या माणसाने पास केलेली. तुम्ही तेल बदलता."

"मालिबू होती. मी एसएस केली. रेघा मीच पाडल्या, ठसे मीच ठोकले. आठ महिने करून राहिलो होतो."

"ह्याला वाचवायला बोलताय."

"त्याला कायले वाचवू? तो लबाड आहे. पण मरायला नको."

"प्रूफ?"

ज्ञानदेव आपल्या पेटीशी गेला. तळाच्या कप्प्यातून त्याने तेलकट फडक्यात बांधलेले आकड्यांचे पोलादी ठसे काढले. कामाच्या टेबलावर पोलादाची पट्टी ठेवली आणि सात आकडे ठोकले. प्रत्येक आकड्याला एकच घाव. हात एकदाही अडखळला नाही. देवांग जमिनीवर कण्हत होता आणि त्या कण्हण्यामध्ये सात घाव मोजून ऐकू आले.

संग्रामने पट्टी मैत्रीसमोर धरली. "बोल मॅडम. तोच हात आहे का? द्या सर्टिफिकेट. सर्टिफिकेटांवरच तर तुम्हा लोकांची आयुष्यं निघतात."

मैत्रीने वर पाहिलं नाही. तिने भिंग लावलं. शेवटचा आकडा केसभर खोल होता. टूलरूममध्ये साहेब शेवटचा आकडा बोटाने चाचपून बघायचा, म्हणून तिथे जोर द्यायची सवय लागली, असं ज्ञानदेवने तिला एकदा सांगितलं होतं. तिला दुसरा पुरावा नको होता.

तिने आजवर साडेसातशे अहवाल लिहिले होते. त्यातला एकही शब्द तिला मागे घ्यावा लागला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "हा माणूस तो नाही. याचं काम कच्चं आहे."

ज्ञानदेवचं तोंड उघडं पडलं.

"बघा," संग्राम म्हणाला, जवळजवळ मायेने. "तुम्ही बाजूला बसा, काका. पाणी प्या." आणि तो पुन्हा देवांगकडे वळला. देवांगने चांगला हात डोक्यावर घेतला. दांडा वर गेला.

"ती खोटं बोलली!"

ज्ञानदेवचा आवाज चिरका झाला होता. त्याने संग्रामची बाही धरून त्याला गाडीपाशी ओढत नेलं. "इकडे ये. आत बघ. सीटमागे. वाच! सतरा आधी, मग दोन. असं कोण लिहितो? इथला माणूस लिहितो का? तू शाळेत तारीख कशी लिहीत होता? माझी एवढी एक चूक आहे पूर्ण गाडीत. एकच. ते इंजिन कच्चं नाही. ते कच्चं नाही, समजलं?"

संग्राम वाकून आत बघत राहिला. बराच वेळ. तो बाहेर आला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं.

"तू," तो म्हणाला. "महिन्याला माझ्या घरी चहा पिऊन जायचास."

त्याने ज्ञानदेवचं उजवं मनगट पकडलं आणि पंजा टेबलावर दाबला. पहिला घाव बोटांच्या पेरांवर बसला. ज्ञानदेव ओरडला नाही. तो टेबलाच्या कडेला लोंबकळला. संग्रामने मनगट सोडलं नाही. दुसरा घाव त्याच जागी. लोखंडाखाली काहीतरी चिरडल्याचा आवाज आला आणि रक्ताची चिळकांडी ठशांच्या फडक्यावर उडाली.

मैत्रीने जॅकचा दांडा उचलला. पावणेदोन किलोचा. तिने तो संग्रामच्या कानामागे मारला. तो वळू लागला म्हणून पुन्हा मारला, जबड्यावर. तो गाडीच्या मडगार्डवर आपटला आणि घसरत खाली गेला. लाल रंगावर रक्त दिसलं नाही, काळ्या पट्ट्यावर चमकलं. त्याने उठायला हात टेकला. तिने त्या हातावर मारलं. तिला थांबायचं कळत नव्हतं. चौथ्यांदा दांडा उचलल्यावर तिने देवांगला रडताना ऐकलं, आणि थांबली.

तिने भिंतीवरचं बटण दाबलं. दार उघडेपर्यंत तिने ज्ञानदेवच्या मनगटाला स्वतःची ओढणी आवळून बांधली. समोरच्या फुटपाथवर कुत्रा घेऊन उभी असलेली एक मुलगी किंचाळली. पोलीस नऊ मिनिटांत आले.

ज्ञानदेवची तर्जनी आणि मधलं बोट काढावं लागलं. अंगठा राहिला, पण त्याला काही धरता येणार नाही, असं सर्जनने उपासनाला सांगितलं. देवांगच्या गुडघ्यात सळई घातली. संग्रामचा जबडा तारेने बांधून त्याला कैद्यांच्या वॉर्डमध्ये ठेवलं होतं.

सोमवारी दुपारी मैत्री हॉस्पिटलमध्ये गेली. ज्ञानदेव उशाला टेकून बसला होता. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीवर बांधलेला. तिने आणलेला डबा बाजूला ठेवला.

"कच्चं म्हणालीस," तो म्हणाला.

"काका, तो तुमचे हात—"

"ते मला माहीत होतं. मी बघत होतो ना." त्याचा आवाज शांत होता. "त्या माणसासमोर कच्चं म्हणालीस. तो खूश झाला, बघितलंस? कसा खूश झाला."

"मला दुसरं सुचलं नाही."

"एकतीस वर्षं साहेबांनी माझं काम दुसऱ्याच्या नावावर लावलं. तू एकटी ओळखणारी होतीस."

"ओळखलं होतं. पहिल्या पाच मिनिटांत."

"मग?"

उपासना आत आली, तिने वडिलांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला, आणि दोघांकडे बघून बाहेर गेली.

अडीच वाजता डिटेक्टिव्ह आली. उंच, थकलेली, हातात टॅब्लेट. मारहाणीची केस सरळ होती, तिने सांगितलं. गाडीची वेगळी होती. फसवणुकीत कोणाकोणाचा हात होता ते तिला बघायचं होतं, आणि देवांग दोन दिवस म्हणत होता की ज्ञानदेवला काहीच माहीत नव्हतं, तो फक्त तेल बदलायचा. तसं असेल तर ज्ञानदेवला यातून वगळता येईल. मैत्री त्या विषयातली जाणकार. ती तसं लिहून देईल का?

मैत्रीने ज्ञानदेवकडे पाहिलं. तो पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होता.

"ही गाडी यांनीच केली," ती इंग्रजीत म्हणाली. "एकट्याने. मी पाहिलेलं सर्वांत उत्तम काम आहे. लिहून देते."

डिटेक्टिव्हने तिला एकदा नीट निरखलं. मग ती ज्ञानदेवकडे वळली. वकील येईपर्यंत तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, तिने सावकाश सांगितलं, समजलं का?

"समजलं," ज्ञानदेव म्हणाला. त्याने डाव्या हाताने चादर सरकवून पलंगाच्या कडेला जागा केली. "बस, मैत्री. मला इंग्रजी पूर्ण जमत नाही. मी सांगतो, तू तिला सांग. मालिबू आली तेव्हा तिला इंजिनच नव्हतं."