अकरावे वलय

तिने पांढऱ्यात पिवळा कालवला, वर राखाडीचा एक थेंब सोडला आणि कुंचला फिरवता फिरवता थांबली. बशीत जमून आलेला रंग ओळखीचा होता. घशाशी आंबट आले. खिडकी उघडून तिने बाहेर तोंड काढले, दोनदा खोल श्वास घेतला आणि परत येऊन पाहिले. रंग तोच होता. कापसाच्या बोळ्याला लागून निघायचा, तो.

तरीही तिने कुंचला बुडवला. मंडलाची दहा वलये रंगवून झाली होती. अकरावे, सर्वांत बाहेरचे, आज पुरे करायचे होते. उद्या चित्र वाचनालयाच्या सभागृहात लागणार होते.

चित्रकलेच्या वर्गातल्या बाकीच्या बायकांनी कंपासने नीट वर्तुळे काढून त्यांत पाकळ्या भरल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई तिला म्हणाल्या होत्या, कंपास ठेवा बाजूला, हाताला जो आकार माहीत आहे तो काढा. हाताने लगेच काढला. एक वाकडे वर्तुळ, खाली डावीकडे थोडे फुगलेले. त्याच्याभोवती तसेच थोडे मोठे, मग आणखी मोठे. सगळ्यांना आवडले. कुठून सुचले, असे विचारले तेव्हा तिलाही ठाऊक नव्हते.

कळले ते पुढे, तिसऱ्या वलयात लाल भरताना. एक फेरा झाला की ती कुंचला स्वच्छ पुसत होती आणि रंगवत आतून बाहेर जात होती. बाहेर गेलेला कुंचला परत आत आणत नव्हती. जखम अशीच पुसायची असते. सिस्टरनी तिला अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पलंगापाशी उभे करून शिकवले होते. शिवाय दर सोमवारी जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून मार्करने कडा गिरवायची, म्हणजे डॉक्टरांना फरक दिसतो. तिने अकरा सोमवार गिरवले. पहिल्या सोमवारी जखम शर्टाच्या बटणाएवढी होती. अकराव्या सोमवारी ती तळहाताखाली झाकली जात नव्हती. बाराव्या सोमवारी घरात प्लास्टिकची गरज उरली नव्हती.

"वहिनी, दार सताड उघडं टाकून बसतेस? कुणी तुलाच उचलून नेलं तर दादाला संध्याकाळपर्यंत पत्ता लागायचा नाही."

नणंद आत आली. पंचावन्न वर्षांची, पण घरात अजून बेबीच. प्रदर्शनाची चिटणीस तीच होती.

"चहा कोण देणार म्हणून शोधेल, तेव्हा लागेल," ती म्हणाली आणि शेवटचा फेरा पुरा करून तिने कुंचला पाण्यात ठेवला.

बेबीने पर्समधून एक कार्ड काढून चष्मा नाकावर सरकवला. "ऐक. चित्राखाली लावायचंय. माध्यम, पोस्टर रंग. प्रेरणा, सासूबाईंची मायेनं केलेली सेवा."

"ते खोड."

"का? खोटं आहे? सगळ्यांनी पाहिलंय. कपाळावर एक आठी नसायची तुझ्या. मी अजून सांगते लोकांना."

"सांगत जाऊ नकोस. कमळ लिही."

"कमळ सहा जणींचं आहे. सातवं लावलं तर सभागृहात डास होतील."

ती हसली नाही. बेबी टेबलापाशी आली आणि मान कलती करून चित्र पाहत राहिली.

"पण काय शांत वाटतं गं बघून. प्रदर्शन झालं की हे मला हवंय. जेवायच्या टेबलावर लावणार आहे, समोरच."

तिने रंगाची बशी दूर सारली. ती म्हणाली, "बेबी, ते आईंचं आहे."

"म्हणजे काय, आईसाठीच तर—"

"आईंच्या कमरेखालचं. सोमवारी गिरवायचे ना मी, ते."

बेबीचा हात पर्सकडे गेला. त्या दिवसांत ती उंबऱ्यावर उभी राहून नाकाला रुमाल लावायची, तिथूनच विचारपूस करून जायची. आता तिला रुमाल सापडला नाही.

"आणि मायेनं वगैरे काही नव्हतं. शिसारी यायची मला. रोज. नाकाखाली बाम चोळून, तोंडानं श्वास घेत करायचे. एकदा आईंनी माझं मनगट धरलं. मी सोडवून घेतलं आणि कोपरापर्यंत हात धुतले. त्यांच्यादेखत."

बोलून टाकले की मोकळे वाटेल, असा तिचा समज होता. तसे काही झाले नाही. तोंडातली आंबट चव तेवढी तशीच राहिली.

बेबीने खुर्ची ओढली आणि चित्रासमोर बसली.

"बाहेरचं पहिलं ना?" तिने विचारले.

"काय?"

"हे मोठं. हे पहिल्या सोमवारचं ना? मग लहान लहान होत गेलं." ओल्या फरशीवर पाऊल टाकावे तसा एकेक शब्द येत होता. "मी आत यायला हवं होतं, वहिनी. पाय उचलायचाच नाही. पण शेवटी शेवटी... भरत आलं होतं ना गं?"

तिने मधल्या बटणाएवढ्या ठिपक्याकडे पाहिले.

"हो," ती म्हणाली. "शेवटी एवढंच राहिलं होतं."

स्वतःचा आवाज तिला बुळबुळीत लागला.

बेबीने बाहेरच्या वलयावर बोट टेकवले. "पहिला सोमवार," ती पुटपुटली. "दुसरा. तिसरा." रंग ओला होता. बोट आत सरकत गेले तसा त्याचा ओघळ गुलाबीवर, लालवर, तपकिरीवर ओढला गेला. तीन आठवड्यांच्या कामातून एक मळकट पिवळी रेघ मध्यापर्यंत चालली होती. तिला दिसत होते. तिने थांबवले नाही.

"अकरावा," बेबी म्हणाली.

तिने पाण्याचा पेला आणि फडके पुढे सरकवले. बेबीने आपल्या बोटाकडे पाहिले, पेल्याकडे पाहिले, आणि बोट तसेच त्या ठिपक्यावर ठेवून बसून राहिली.