पायात पाय घालणारी सायकल

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण उंचीच्या बाबतीत देवाने जरा हात आखडता घेतला होता. तिची मोठी जाऊ मात्र ताडमाड. मोठीसारखीच सायकल हवी म्हणून नवऱ्याने हौसेने तीच सायकल आणली, फक्त लहान मापाची. दोघी जावा रविवारी नदीकाठच्या रस्त्याने निघायच्या.

सरळ रस्त्यावर धाकटी छान चालवायची. पण हळू वेगात वळताना काहीतरी अडायचं आणि ती आडवी व्हायची. एकदा कोपर सोलून आली, तेव्हा नवरा औषध लावता लावता म्हणाला, "तू घाबरतेस, म्हणून तोल जातो."

"पडायला लागले म्हणून घाबरते," ती म्हणाली आणि तिने सायकल जिन्याखाली ढकलून दिली.

मोठीला एकटीला करमेना. ती धाकटीपुढे येऊन थडकली. "मला अंगणात एक वळण घेऊन दाखव. पडलीस तर धरीन."

धाकटी नाइलाजाने सायकलवर बसली. मोठी उकिडवी बसून चाकाकडे बघत राहिली. वळण आलं तशी ओरडली, "थांब. पाय हलवू नकोस." बुटाचं टोक पुढच्या चाकाला टेकलं होतं.

"सांगाडा लहान केला आणि चाकं माझ्याएवढीच ठेवली," मोठी म्हणाली. "चाक येणारच की पायाजवळ. तू कसली घाबरतेस? ही सायकलच तुझ्या पायात पाय घालते."

नवरा खजील झाला. तिघं सायकलच्या दुकानात गेली. दुकानदार बाईंनी लहान चाकांची सायकल पुढे केली.

"चाक लहान म्हणजे हिला पाय जास्त मारावे लागणार," नवऱ्याने शंका काढली.

"गिअर त्या हिशेबानेच बसवलेले असतात. थांबून परत निघताना ती हलकीच वाटेल," बाई म्हणाल्या. "लहान चाक खड्ड्यात जरा जास्त आपटतं, एवढं खरं. म्हणून टायर रुंद घेऊ आणि हवा बेताची ठेवू."

"मी तर दगडासारखी भरायचो," तो पुटपुटला.

पुढच्या रविवारी पुलाजवळचं वळण आलं. धाकटीने श्वास रोखला, हँडल वळवलं आणि पाय मारत राहिली. कुठेच काही अडलं नाही. उतारावर मोठी सुसाट पुढे गेली, पण खडबडीत रस्ता लागला तशी तिची सायकल अरुंद टायरांवर खडखडू लागली. धाकटी आरामात तिच्या बरोबरीला आली.

"जरा हळू गं," मोठी म्हणाली.

हे वाक्य आजवर धाकटीच म्हणत आली होती. तिला हसू आवरेना. नेहमीचा परतीचा फाटा आला, तरी ती थांबली नाही.

"अगं, घरी स्वयंपाक पडलाय," मोठीने आठवण करून दिली.

"दोघं भाऊ आहेत ना घरात," धाकटी म्हणाली आणि तिने पुढच्या चढासाठी गिअर बदलला.