उरलेली अर्धी गोळी

मी अर्धी गोळी बोलतेय. अर्धी आहे म्हणून मला अर्धवट समजू नका. या घरातली पूर्ण गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

जन्माने मी अख्खी होते. कारखान्यातल्या यंत्राने पांढरी पूड दाबून आम्हा बहिणींना घडवलं आणि प्रत्येकीच्या पोटावर मधोमध एक रेघ ओढली. डॉक्टरांनी सांगितलं तर इथून तोडा, एवढाच तिचा अर्थ. मग आम्हाला चंदेरी पाकिटात बसवलं. मी कोपऱ्यातली, शेवटी निघणारी. त्यामुळे सगळा तमाशा मला बघायला मिळाला.

आमचं कूळ स्टेरॉइडचं. नाव काढलं की लोक दचकतात. काम मात्र साधं आहे. शस्त्रक्रिया झाली की शरीर घाबरतं आणि जखमेभोवती सूज उभी करतं. आम्ही त्याची समजूत घालतो. सूज उतरली की ठणकाही कमी होतो.

आम्ही ज्या घरात आलो, तिथली सून बसस्थानकावर घोषणा करायची. तिची अक्कलदाढ हाडात आडवी झोपली होती. दातांच्या डॉक्टरांनी हिरडी कापून ती काढली आणि सुनेचा गाल असा फुगला, की तोंडात चमचा जाईना. नेमकी त्याच आठवड्यात स्थानकावर आवाजाची चाचणी होती. यापुढे सगळ्या घोषणा एकाच आवाजात रेकॉर्ड होणार होत्या. दुसरा उमेदवार होता चौकशीच्या खिडकीतला कारकून, नाकात बोलणारा. सुनेचं तोंड वेळेत उघडलं नाही, तर तिची नोकरी जाणार होती आणि प्रवाशांच्या नशिबी कायमचं ते नाक येणार होतं.

औषधवाल्याने सुनेच्या नवऱ्याला बजावलं होतं, "सकाळी, खाल्ल्यावर. रोज एक, शेवटच्या दिवशी अर्धी. मनाने कमी-जास्त करायचं नाही."

नवऱ्याने मान डोलावली. घरी येऊन आईलाही सांगितलं. तिनेही मान डोलावली. माणसं मान डोलावतात तेव्हा ती ऐकत असतातच असं नाही, हे मी तेव्हा शिकले.

सासूबाईंनी पाकिटावरचं नाव वाचलं मात्र, त्यांचे डोळे मोठे झाले. "स्टेरॉइड? अहो, हे पैलवान घेतात! उद्या सुनेला मिशा फुटल्या म्हणजे?" त्या भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोशी बोलत होत्या. फोटोने काही हरकत घेतली नाही. तेव्हा सासूबाईंनी सुरी काढली, माझ्या पहिल्या बहिणीचे रेघेवर दोन तुकडे केले, एक ठेचून केळ्यात कालवला आणि दुसरा जुन्या बटणांच्या डब्यात टाकला.

"आई, ठेचली कशाला?" सुनेने बंद दातांतून विचारलं.

"घशाला टोचेल गं. गिळ मुकाट्याने."

आता नवऱ्याचं ऐका. तो शिंपी, बाहेरच्या खोलीत त्याचं दुकान. थोड्याच वेळात एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बटण हवं म्हणून त्याने तोच डबा उपसला आणि हातात आली अर्धी गोळी. त्याला वाटलं, ही जास्तीची. त्याच्या मनात चाचणी घोळत होती. "मशीनला दोन थेंब तेल जास्त पडलं म्हणून कधी शिवण उसवली का?" असं पुटपुटत त्याने ती बायकोच्या दुधात ढवळली.

"दूध कडू लागतंय."

"तोंड कडू झालंय तुझं. औषध चालू आहे ना?"

असं रोज चाललं. सकाळी आई चोरून अर्धी काढायची आणि मुलगा चोरून अर्धी घालायचा. दोघंही आपापल्या जागी गुन्हेगारासारखे इकडेतिकडे बघायचे. सुनेच्या पोटात रोज बरोब्बर एक गोळी पोहोचायची. मी पाकिटात बसून हसून हसून जवळजवळ फुटले.

सूज उतरू लागली. भूक वाढवणं आणि झोप उडवणं ही आमची जुनी खोड. सुनेला भूक अशी लागली, की तिने नवऱ्याच्या ताटातलंही संपवलं. भल्या पहाटे उठून तिने त्याची दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावली. त्याला दिवसभर एकही सापडलं नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या तोंडात बोटं घालून पाहिलं. "वा, तीन बोटं जातात! औषध अगदी सांगितल्याप्रमाणे घेतलंय. असं शिस्तीचं घर विरळा." सासूबाईंना वाटलं, बघा, अर्धीच पुरली. नवऱ्याला वाटलं, बघा, जास्तीची लागू पडली. दोघंही नम्रपणे जमिनीकडे बघत राहिले.

शेवटच्या दिवशी माझी पाळी आली. आज मुळातच अर्धी. तिचीही चतकोर करायचा सासूबाईंचा विचार होता, पण चष्मा सापडेना. माझा जोडीचा तुकडा पोटात गेला आणि मी डब्यात. नवरा मला विसरलाच. बायको पुन्हा बोलायला लागली होती, आणि ती बोलायला लागली की त्याला दुसरं काही सुचत नाही.

त्याच दिवशी चाचणी झाली. संध्याकाळी निरोप आला, आवाज सुनेचाच. नाकवाला कारकून खिडकीतच राहिला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डबा उघडून मला उचललं. त्यांचा गुडघा दुखत होता. अर्ध्या गोळीची जादू त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती ना! मिशांची भीती पार पळाली होती. पण मला घाम फुटला. बाईंना मधुमेह आहे, आणि आम्ही रक्तातली साखर चढवतो. ओरडायला मला तोंड नाही.

तोंड होतं ते दारात उभं होतं.

"कृपया इकडे लक्ष द्यावे! गुडघेदुखीहून सुटणाऱ्या सासूबाईंनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणत्याही गोळीत चढू नये!"

सासूबाई दचकल्या. "अगं, बटण आहे ते."

"मग भोकं कुठायत?"

मी त्यांच्या बोटांतून निसटून मशीनखाली गेले. नवऱ्याने मला शोधून काढलं आणि आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. दुपारी सून सासूबाईंना गुडघा दाखवायला घेऊन गेली.

आता मी कागदाच्या पुडीत आहे. उद्या औषधवाल्याकडे परत जाणार. जाता जाता एवढंच सांगते. माझ्या पोटावरची रेघ पाहून कधी सुरी उचलावीशी वाटली, तर आधी डॉक्टरांना विचारा. चोरून अर्धी काढणाऱ्या प्रत्येक आईला चोरून अर्धी घालणारा मुलगा मिळतोच असं नाही.