शास्त्रापुरता उतार

सिडनीच्या लॉकडाउनमध्ये कुणी पाव भाजायला शिकलं, कुणी गिटार वाजवायला. अवधूत घर घालवायला शिकला. एकामागून एक चार घरं हातची गेली. त्याची ऑफर ‘बिल्डिंग इन्स्पेक्शन करून मग’ अशी असायची, आणि दुसरा कुणीतरी इन्स्पेक्शनबिन्स्पेक्शन न करताच घर उचलून न्यायचा. क्वेकर्स हिलमधल्या पाचव्या घराच्या वेळी एजंट फोनवर मधाळ आवाजात म्हणाला, "इन्स्पेक्शन हवंय? नो वरीज, मेट. रांगेत दुसरे आहेत."

अवधूत पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुलांना तडे गेलेत का, हे बघायचा त्याला पगार मिळे.

"मग बाहेरचा माणूस हवाय कशाला?" त्याची बायको लीना म्हणाली. "तू बघून ये. तू हो म्हणालास की मी सही करते. डोळे मिटून."

नियम असा, की घर बघायला एका वेळी एकच माणूस, तोही मास्क लावून, दहा मिनिटं. अवधूत टॉर्च, हातोडी आणि जमिनीची पातळी बघायची लेव्हल घेऊन गेला. उंबऱ्यात पाय ठेवतो तोच चिंचवडहून सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल. रिटायर झाल्यापासून प्रल्हादराव लोकांची घरं वास्तुशास्त्राप्रमाणे तपासत. लोकांनी सांगितलेलं नसलं तरी.

"अवधूतराव, एका हातात मला धरा, दुसऱ्या हातात मी दिलेलं होकायंत्र. आता फिरा. अहो, हळू! गरगरतंय मला!"

तिसरा हात नसल्यामुळे टॉर्च खिशातच राहिला. अवधूत बाहेर आला तेव्हा स्वयंपाकघर आग्नेयेला आहे, एवढीच त्या घराबद्दलची माहिती त्याच्याकडे होती.

"कसंय?" लीनाने विचारलं.

"सॉलिड," अवधूत म्हणाला. घराचा रंग विचारला असता तर पंचाईत होती.

ताबा मिळाल्यावर दोघंच गृहप्रवेशाला उभी राहिली, कारण पाहुण्यांना बंदी होती. प्रल्हादराव तांदळाच्या पिशवीला टेकवलेल्या फोनमधून मंत्र म्हणत होते. लीनाने नव्या शेगडीवर दूध ठेवलं. ते फुगलं, उतू गेलं, ओट्यावरून खाली उतरलं आणि थांबायच्या ऐवजी चालू लागलं. स्वयंपाकघराचं दार ओलांडून हॉलमध्ये शिरलं, घर आधी बघितल्यासारखं तडक कोपऱ्यात गेलं आणि भिंतीखाली दिसेनासं झालं.

"कुठे गेलं?" प्रल्हादराव ओरडले. लीनाने फोन उचलून दाखवलं. "ईशान्य! अगं, ईशान्येकडे उतार! शास्त्रात अगदी हेच सांगितलंय! हल्ली कुठे बांधतात अशी घरं?"

"बाबा, थांबा जरा. अवधूत, जमीन तिरकी आहे?"

"किंचित."

"तू बघितलं होतंस ना?"

"बघितलं म्हणजे काय!" प्रल्हादरावांना जावयाचं कौतुक आवरेना. "दहाच्या दहा मिनिटं मला धरून फिरत होते. एकदाही मान वळवली नाही हो! असा जावई मिळायला भाग्य लागतं."

लीनाने शेगडी बंद केली. ती ओरडली असती तर अवधूतला बरं वाटलं असतं. ती नुसतं म्हणाली, "खाली जा."

घर विटांच्या खांबांवर उभं होतं आणि मागच्या बाजूला खाली शिरायला एक झडप होती. अवधूत रेशमी कुडत्यानिशी सरपटत ईशान्य कोपऱ्यात पोचला. तिथे खांब नव्हता. गाडीचा जॅक होता. वरून दूध ठिबकत होतं.

"काय आहे?" वरून लीना.

"जॅक."

"कसला?"

"चांगला आहे," अवधूत म्हणाला. इंजिनिअर म्हणून त्याने त्या घराविषयी दिलेलं हे पहिलं खरं मत. "हे सोमवारी पक्कं करून घेऊ. तोवर थोडा वर घेतो."

लीनाने पूजेतली जास्तीची सुपारी हॉलच्या मधोमध ठेवली. अवधूतने दांडा फिरवला. घर म्हाताऱ्या माणसासारखं कण्हलं आणि ईशान्येकडे निघालेली सुपारी स्वयंपाकघराकडे वळली.

"लीना, सुपारी आग्नेयेला चाललीय! जळेल सगळं!" फोनमधून आरोळी आली. "अवधूतराव, उतरवा!"

अवधूतने उतरवलं.

"उतरवू नकोस! सपाट हवंय मला!"

अवधूतने चढवलं.

"शास्त्रापुरता तरी उतार ठेवा हो!"

"बाबा, या घरात मी राहणार आहे, शास्त्र नाही! आणि तू, सॉलिड म्हणालास ना? हेच का ते सॉलिड? पुलांच्या वेळी पण बाबांनाच फोन लावतोस का?"

सुपारी थांबली. वर लीना थांबली नव्हती. ती आता पहिल्या घरापासून सुरुवात करत होती, आणि तिथून इथवर यायला वेळ लागणार होता. अवधूतने कोपर टेकून जरा ऐसपैस बैठक जमवली.

"झालं का खाली?" तिने विचारलं.

"अजून एक आटा," अवधूत म्हणाला, आणि कशालाही हात लावला नाही.