बटण कुठल्या हाताला?

नट्याने गाडीच्या चाकांचे दोन्ही लॉकर टेबलावर शेजारी शेजारी मांडले, त्यांच्यावरचं ग्रीस फडक्याने पुसलं आणि सोनाराने हार काढून दाखवावा तशा थाटात तो बाजूला उभा राहिला.

"बोल ताई, कुठला?"

ताई जुन्या टायरवर बसली होती. तिला खरं म्हणजे दोन्हींतला एकही नको होता. तिला नुसतं आडवं व्हायचं होतं, जमिनीवर, टायरवर, कुठेही. पण गॅरेजात आडवी झाली असती तर नट्याने "हिचं पण ऑइल बदलायचं का?" असं विचारल्याशिवाय सोडलं नसतं. नट्या तिचा धाकटा भाऊ. लहानपणापासून खिशात नट-बोल्ट घेऊन फिरायचा म्हणून नट्या. आता गॅरेजचा मालक झाला, तरी नट्याच.

ताई गाडी चालवायची. डांबरी रस्ता जिथे हात टेकतो तिथून पुढे तिची गाडी सुरू व्हायची. जुनी, चारही चाकांना जोर देणारी, पॉवर स्टिअरिंग वगैरे लाड नसलेली. नर्सबाई आणि त्यांची लशींची पेटी डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंत न्यायची, संध्याकाळी परत आणायची. गेल्या आठवड्यात मात्र घसरड्या चढावर पुढचं एक चाक हवेत उचललं गेलं आणि भिंगरीसारखं फिरत बसलं. दुसरं जमिनीवर मख्ख. इंजिनाचा जोर मोठा लबाड असतो, जिकडे काम कमी तिकडे पळतो. मागच्या चाकांना लॉकर होता, पण नुसत्या त्यांच्याने गाडी वर चढेना. शेवटी दोघी पेटी घेऊन पायी निघाल्या. ताईने पेटी सगळा वेळ उजव्याच हातात धरली होती.

म्हणून आता पुढे पण लॉकर बसवायचा होता. लॉकर म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र जुंपणारी वस्तू. मग एकाने कामचुकारपणा करायचा म्हटलं तरी चालत नाही.

"हा बघ," नट्या पहिला लॉकर उचलून म्हणाला. "हा आपल्या डोक्याने लॉक होतो. बटण नाही, नळी नाही, काही कटकट नाही. बसव आणि विसर. विसरण्यात तर तुझा पहिला नंबर."

"आणि तो?"

"तो हवेवरचा. बटण दाबलं की लॉक, परत दाबलं की मोकळा. पण त्याला कॉम्प्रेसर लागतो, हवेची नळी लागते. नळी दगडाला घासून फाटली की बसा बोंबलत. शिवाय पुढचं सगळं खोलावं लागणार. माझी कंबर मोडणार ते वेगळंच."

"हवेचाच घाल."

"का?"

"असंच."

"असंच म्हणून माणूस चपला घेतो ताई, लॉकर नाही."

कोपऱ्यात स्टुलावर बसून चहा पिणाऱ्या नर्सबाई हसल्या. ताई हसली नाही. खरं कारण तिला चांगलंच ठाऊक होतं. पुढचा लॉकर लागला की दोन्ही चाकांना सरळच जायचं असतं. वळवायचं म्हटलं की स्टिअरिंग भांडायला उठतं. बटणाचा असेल तर वळणाआधी सोडता येतो. आपल्या डोक्याने चालणारा ऐन वळणावर, मनाला येईल तेव्हा लागणार. भांडायला दोन हात लागतात, आणि ताईचा डावा खांदा कधीचाच रुसून बसला होता. गिअरपुरता हात चालायचा, तो खाली असतो. खांद्याच्या वर मात्र तो जाईनाच.

हे नट्याला सांगितलं की तो किल्ली काढून घेणार, एवढं नक्की. "आता पुरे, घरी बस" म्हणणार. ताई दमली होती, हाडांच्या आतून दमली होती. पण दमणं वेगळं आणि घरी बसणं वेगळं. ती नसली तर वर कोण जाणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

"ते काही नाही," नट्या म्हणाला. "बाहेर गिऱ्हाईकाची गाडी उभी आहे, डिट्टो तुझ्यासारखी. पुढे हाच बिनबटणाचा लॉकर टाकलाय. मालकच म्हणालाय, खाणीत फिरवून बघ. तूच बघ चालवून. नाही आवडला तर हवेचा."

नाही म्हणायला कारण सुचेना. नर्सबाई "मी पण येते" म्हणत मागे चढून बसल्या.

बंद पडलेली खाण गॅरेजच्या मागेच होती. पहिला चढ गाडी अशी चढली की बकरीने लाजावं. "बघितलंस?" नट्या सीटवर उड्या मारत म्हणाला. मग वळण आलं. ताईने स्टिअरिंग वळवलं आणि ते उलटं झटका देऊन हातातून निसटलं. चाकं सरळ, दगडांच्या ढिगाकडे. तिने उजव्या हाताने ओढलं, कोपराने दाबलं, गुडघासुद्धा लावून पाहिला. शेवटी ब्रेकवर उभीच राहिली. ढीग बंपरपासून वीतभर लांब राहिला.

नट्याने हँडब्रेक ओढला.

"डावा हात कुठे होता?" नट्याने विचारलं.

"होता की."

"मांडीवर होता. मी शेजारी बसलोय ताई, चंद्रावर नाही. वर कर बघू."

तिने केला. छातीपर्यंत आला आणि थांबला. नट्या हाताकडे बघत राहिला, मग त्याची नजर तिच्या डोक्याकडे गेली. महिन्यापूर्वी ताईने कमरेपर्यंतची वेणी कापून टाकली होती. घरात केवढा गोंधळ! सगळ्यात जास्त टिंगल नट्यानेच केली होती, भरतीला निघालीस का म्हणून.

"म्हणून केस कापलेस?"

"उकडत होतं."

"थंडीत?"

ताईने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. "वेणी घालता येईना," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "हात मागे जाईना."

"मला वाटलंच होतं," मागून नर्सबाई म्हणाल्या. "मी काय हौस म्हणून सारखी उतरून वाटेतली फाटकं उघडते?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही मला फाटकापाशीच सोडून गेला असता."

ताईने खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढून नट्याच्या मांडीवर टाकली. "घे. आता भाषण नको. मला कंटाळा आलाय."

नट्याने किल्लीकडे अशी नजर टाकली की जणू मांडीवर पाल पडली. "मी घेऊन काय करू? वर कोण नेणार, मी? मला दुसऱ्या वळणावर उलटी होते, अख्ख्या गावाला माहितीये."

ताईला हसू आलं. बरेच दिवसांनी आलं, म्हणून जरा दुखलंच.

"हवेचाच घालतो," तो म्हणाला. "पण पुढचं सगळं खोलावं लागेल, आणि मी यावेळी फार सावकाश खोलणार आहे. तोवर तू हाडांच्या डॉक्टरकडे जायचंस. डॉक्टर हो म्हणाला तर गाडी जोडणार, नाहीतर पडू दे तशीच. आणि एक लक्षात ठेव, बटण गाडी रुतायच्या आधी दाबायचं असतं. तुझं सगळं रुतल्यावर."

"तोवर मी खालच्या वस्त्या उरकते," नर्सबाई म्हणाल्या. "तिथे बस जाते."

डॉक्टरने व्यायाम दिला, गोळ्या दिल्या, पुष्कळ रागावला आणि तीन आठवडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणाला. त्यानंतर तपासून हो म्हणाला, पण सावकाश. तेव्हा कुठे नट्याने पुढचा भाग जोडायला घेतला. शेवटचं काम उरलं बटणाचं.

"बैस ताई सीटवर," ड्रिल हातात घेऊन तो म्हणाला. "कुठल्या हाताला बसवू? कंपनी तर डावीकडे देते."

"तुझ्या कंपनीला वेणी घालावी लागते का?"

"बरं बाई, उजवीकडे." तो दाराच्या बाजूने वाकून खडूने खूण करू लागला. "इथे? की जरा वर? हात पोचतो का बघ. ताई?"

ताईचा डावा हात मांडीवर होता आणि उजवा स्टिअरिंगवर, बोटं सैल सुटलेली. मान एका बाजूला कलली होती. ती गाढ झोपली होती.

नट्याने तिची उजवी बोटं जिथे टेकली होती, तिथून जवळच खडूने एक गोल काढला. मग ड्रिलची वायर हळूच काढली आणि गॅरेजचं शटर आवाज न करता अर्धं ओढून घेतलं.