केंद्रकाबाहेरचे ठिपके

प्रयोगशाळेत तिला सगळे चिवट म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तीही ओ द्यायची.

मिलिमीटरभर लांबीचे सूत्रकृमी पाळायचे आणि त्यांच्या पेशींत एका प्रथिनाचा पत्ता शोधायचा, हे तिचं काम. जनुकाच्या कच्च्या संदेशातला नको तो भाग कापून उरलेले तुकडे सांधणारं हे प्रथिन. आईला फोनवर समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे शिंपीच की गं!"

हा शिंपी केंद्रकात बसतो, असं सगळे धरून चालले होते. चिवटला मात्र रंग देऊन पाहिलेल्या मोठ्या कृमींच्या जननपेशींत केंद्रकाबाहेर, कडेला चिकटलेले ठिपके दिसले.

"घाण आहे ती," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "रंग नको तिथे चिकटलाय."

"आणि नसला तर?"

"तर सिद्ध कर."

म्हणजे रंग बाजूला ठेवून प्रथिनालाच चमकणारं शेपूट जोडायचं, आणि त्यासाठी कृमीच्या जननग्रंथीत काचेची सुई टोचून त्या शेपटाचं जनुक सोडायचं. पहिल्या आठवड्यात सुया मोडल्या, दुसऱ्यात कृमी मेले. मान आखडली ती वेगळीच. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "सोड ना, दुसरं प्रथिन घे."

"हेच घेणार."

चौथ्या महिन्यात, दोनशे अकराव्या कृमीची पिल्लं चमकली.

पिल्लं मोठी झाल्यावर तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जननपेशींत उजेड फक्त केंद्रकात. बाहेर एक ठिपका असेल तर शपथ! बाईंचंच खरं होतं. पण ती उठली नाही. हात टेकायचेच तर सगळं बघून टेकू, असं म्हणत तिनं कृमी कापून त्याच्या पोटातली अंडी काढली आणि गर्भ वाढताना पाहू लागली. एकाच्या दोन पेशी झाल्या, दोनाच्या चार. सगळ्यात मागची पेशी, जिच्यातून पुढच्या पिढीची बीजं येतात, तिच्यात केंद्रकाच्या कडेला ठिपके उजळले. बाकी तिघींत कडेला काहीच नाही.

ही चमक आपोआपची तर नाही ना, म्हणून तिनं बिनशेपटीचे गर्भ तपासले. तीनदा तपासले. मग बाईंना बोलावलं.

बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. "आणि मोठ्यांच्या जननपेशींत?"

"तिथं घाणच होती. चुकले मी."

"आणि हे?"

"हे खरं आहे. शेपूट नसलेले गर्भ कोरे आहेत."

बाईंनी खुर्ची ओढली. "लिही. आधी चूक, मग हे."

त्याच दुपारी चिवटनं पहिलं वाक्य लिहिलं, आणि ते खोडलं नाही.